माल बोटीत चढतो, नाव बंदरावरच राहतं

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, अकरा बायका रात्री साडेअकरापर्यंत पाऊचांवर स्टिकर चिकटवत बसल्या होत्या. आत कांदा-लसूण मसाला, त्यांनीच कांडलेला, त्यांनीच भरलेला. वर लाल, ठसठशीत अक्षरांत नाव. त्या नावावर पांढरं स्टिकर लावायचं, अंगठ्यानं दाबायचं, कडा नखानं घासायच्या, की पुढचा पाऊच. असे चार हजार. स्टिकर जरा आखूड कापलं गेलं होतं, त्यामुळे शेवटच्या अक्षराचा काना बाहेर डोकावत राहायचा. मग त्यावर आणखी एक तुकडा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी न्हावा शेव्याला पोचली नसती तर बोट चुकली असती.

झाकलं जात होतं ते नाव कारखान्याच्या मालकीणबाईंच्या सासूबाईंचं. मालकीणबाईंना मी वहिनी म्हणतो. भारतात त्या नावाचा ट्रेडमार्क वहिनींच्या नावे रीतसर नोंदलेला. प्रमाणपत्र फ्रेम करून शेडच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी लावलेलं. दुबईत मात्र तेच नाव त्यांच्या वितरकानं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. फोनवर त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "मॅडम, इथे ब्रँड माझा आहे. माझ्या भावात द्या, नाहीतर दुसऱ्या नावानं पाठवा," एवढंच म्हणाला.

निर्यातीची कागदपत्रं करणं हे माझं काम. पहिल्या कन्साइनमेंटच्या वेळी याच वितरकानं, तिथे मालाची सरकारी नोंद करायची आहे म्हणून, एक अधिकारपत्र मागितलं होतं. मजकूर त्यानंच पाठवला. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचे, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या दाखल्याचे कागद या गठ्ठ्यात तेही एक पान. त्यात एक ओळ होती: आमच्या ब्रँडच्या सर्व प्रकारच्या नोंदण्या आपल्या नावे करण्याचा अधिकार आम्ही यांना देत आहोत. ते पत्र माझ्या ऑफिसात वहिनींच्या लेटरहेडवर टाइप झालं आणि वहिनींनी माझ्यावर विसंबून सही केली. ती ओळ मी तेव्हा नीट वाचायला हवी होती. वाचली नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

परदेशात ट्रेडमार्क नोंदवणं म्हणजे मोठ्या कंपन्यांचं आणि त्यांच्या वकिलांचं काम, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. लहान उद्योजक तर म्हणतोच, "आधी धंदा तर होऊ दे, मग नावाचं बघू." मला हे साफ चुकीचं वाटतं. मोठ्या कंपनीचं एखाद्या देशात नाव गेलं तर ती दुसरं नाव लावते, जाहिरात करते, पुढे जाते. ऑस्ट्रेलियात 'बर्गर किंग' हे नाव आधीच दुसऱ्याकडे होतं, म्हणून १९७१ पासून तीच दुकानं तिथे 'हंग्री जॅक्स' नावानं चालतात; कुणाचं काही अडलं नाही. वहिनींकडे मात्र नावाशिवाय काही नव्हतं. यंत्रं बँकेची, शेड भाड्याची, मिरची उधारीची. स्वतःचं म्हणावं असं एकच, ते नाव. म्हणूनच परदेशातली नोंदणी ही ज्यांना परवडते त्यांच्यापेक्षा ज्यांना परवडत नाही त्यांची गरज जास्त आहे, आणि या गरजेचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा, असं माझं मत आहे.

मुळात ट्रेडमार्कचा हक्क हा सातबाऱ्यासारखा असतो. सांगलीचा सातबारा साताऱ्यात चालत नाही. भारतातली नोंदणी भारतापुरती, अमिरातीतली अमिरातीपुरती. माल न्हावा शेव्याला बोटीत चढतो तेव्हा त्याच्याबरोबर इन्व्हॉइस जातं, विमा जातो, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल बोटीत चढल्याची पावती, जाते. नावावरचा हक्क जात नाही. तो त्या देशात नव्यानं मिळवावा लागतो. आणि जगातल्या बऱ्याच देशांत जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क आधी धरला जातो. चीनमध्ये ॲपलसारख्या कंपनीला 'आयपॅड' या नावासाठी २०१२ साली ६ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली, कारण तिथली नोंदणी दुसऱ्याच कंपनीकडे होती.

"पण आमचं नाव प्रसिद्ध आहे, सगळ्यांना माहीत आहे," हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. त्याचं काय होतं ते पाहायचं असेल तर 'थम्स अप'कडे पाहा. हे पेय मुंबईत जन्मलं, १९७७ साली. आपल्या पिढीतल्या कुणाला ते कुणाचं आणि कुठलं हे सांगावं लागत नाही. १९९३ साली पारलेनं ते कोका-कोलाला विकलं. पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीनं 'थम्स अप' आणि 'लिम्का' या नावांनी तिथल्या भारतीय किराणा दुकानांत पेयं विकायला सुरुवात केली आणि २०१२ साली दोन्ही नावं अमेरिकेत स्वतःच्या नावे नोंदवली. कोका-कोलानं २०१६ मध्ये ती रद्द करण्यासाठी अर्ज केला. तिथल्या ट्रेडमार्क मंडळानं २०२१ मध्ये कोका-कोलाच्या बाजूनं निकाल दिला, पण २०२२ च्या जूनमध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला. न्यायालयाचं म्हणणं असं की भारतातल्या लौकिकाचा अमेरिकेतल्या बाजाराशी संबंध दाखवा. तुमचं इथे काय नुकसान झालं, कोणती विक्री बुडाली, ते दाखवा. भारतीय वंशाच्या ग्राहकाला हे नाव माहीत असणारच असं नुसतं गृहीत धरता येणार नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य पेय कंपनीला हे सांगितलं गेलं. मग आपल्या पापड-लोणच्याच्या नावाला तिथलं न्यायालय काय सांगेल?

दुसरं उदाहरण तर मला जास्त शिकवून गेलं. दिल्लीतलं 'बुखारा' हे आयटीसी या भारतीय कंपनीचं उपाहारगृह १९७७ सालचं. आयटीसीनं १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि त्यानंतर शिकागोत 'बुखारा' उघडलं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत नावाची नोंदणीही केली. म्हणजे सगळं नीट केलं. पण न्यूयॉर्कचं उपाहारगृह १९९१ मध्ये बंद झालं, शिकागोचं १९९७ मध्ये संपलं. १९९९ साली न्यूयॉर्कमध्येच 'बुखारा ग्रिल' उघडलं. चालवणाऱ्यांत आधी 'बुखारा'त काम केलेली माणसं होती. सजावट, मेनू, वाढप्यांचे पोशाख यांतही साम्य होतं. आयटीसी २००३ मध्ये न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये हरली. कारण अमेरिकेत तीन वर्षं लागोपाठ नाव वापरलं नाही तर ते सोडून दिलं असं मानलं जातं. भिंतीवर फ्रेम लावलेलं प्रमाणपत्र तिथे कामी येत नाही. परदेशातली नोंदणी म्हणजे परक्या गावात घेतलेली जमीन. कसत राहिलात तरच तुमची. युरोपीय संघात ही मुदत पाच वर्षांची, चीनमध्ये तीन.

आणि ज्यांनी वेळेवर नोंदणी केली त्यांचं काय होतं, तेही दिसतं. कॅनडात 'अमूल'चं नाव आणि चिन्ह वापरून कुणी लिंक्डइनवर पान चालवत होतं. अमूलची नोंदणी कॅनडात होती. सहकारी दूध संघ तिथल्या संघीय न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये जिंकला, भरपाईसह. गुजरातच्या गावागावांतल्या दूध उत्पादकांचं नाव ओटाव्याच्या नोंदवहीत होतं म्हणून हे झालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही फक्त आपल्यावरच्या अन्यायाची गोष्ट नाही. टोयोटाची 'प्रियस' गाडी जपानमध्ये १९९७ साली आली. भारतात 'प्रियस' हे नाव सुट्या भागांच्या एका भारतीय कंपनीनं आधी नोंदवलं. टोयोटा इथे भांडली आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल भारतीय कंपनीच्या बाजूनं दिला. त्या काळात भारतातल्या ग्राहकाला टोयोटाची प्रियस माहीत होती हे सिद्ध झालं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. अमेरिकेनं कोका-कोलाला सांगितलं तेच आपण जपानला सांगितलं. नियम सगळीकडे एकच आहे, म्हणून त्याच्यावर चिडण्यापेक्षा तो शिकून घेणं आपल्या हिताचं.

हा नियम शिकायचा तर तपशिलात जावं लागतं, आणि आपल्या माणसांचं पाऊल तपशिलातच घसरतं.

भारत २०१३ च्या ८ जुलैला माद्रिद करारव्यवस्थेत सामील झाला. त्यामुळे आता भारतातल्याच ट्रेडमार्क कार्यालयातून एक अर्ज करून सुमारे १३० देशांपैकी हवे ते देश निवडता येतात. अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चीन यांत आहेत. अमिराती २०२१ च्या शेवटी आली, मॉरिशस २०२३ मध्ये. मराठी माणसाच्या दृष्टीनं हे दोन देश काही लहान नाहीत. एकात आपली माणसं नोकरीला आहेत, दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी सण करतात. पण माद्रिदचा अर्ज इथल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर उभा असतो आणि दोन्हीतलं चिन्ह हुबेहूब एकच असावं लागतं. आता आपल्याकडचा उद्योजक काय करतो? अभिमानानं देवनागरी लोगो नोंदवतो. ते योग्यच आहे. पण निर्यातीच्या पाकिटावर नाव छापतो रोमन अक्षरांत. मग माद्रिदनं परदेशात रक्षण मिळतं ते देवनागरी चित्राला, आणि तिथल्या कपाटात उभं असतं दुसरंच अक्षररूप. माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी जणांचं असंच झालं होतं. देवनागरी नोंदवाच, पण त्याच दिवशी रोमनमध्ये साधं शब्दरूपही नोंदवा. आखाती देशांत जायचं असेल तर अरबी लिपीतलं रूप तिथल्या माणसाला विचारून तुम्हीच ठरवा. अरबी वर्णमालेत 'प' नाही, 'च' नाही. तुमच्या नावातल्या 'प'चा तिथे 'ब' होणार, आणि तो 'ब' कुणीतरी दुसऱ्यानं लिहून नोंदवला तर तुमचंच नाव तुम्हाला वाचता न येणाऱ्या अक्षरांत त्याचं होतं.

आडनावांचंही तसंच. मराठी धंद्याची पाटी म्हणजे आडनाव. मिठाईवाले, मसालेवाले, फरसाणवाले, औषधवाले, सगळे आडनावानं ओळखले जातात. अमेरिकेत मात्र जे नाव लोकांना मुख्यतः आडनाव म्हणूनच भासतं ते मुख्य नोंदवहीत सरळ घेत नाहीत. बरीच वर्षं वापरून ते ग्राहकांच्या मनात तुमच्या मालाशी जोडलं गेलं आहे, हे दाखवावं लागतं. वस्तूचं नाव तर कुठेच मिळत नाही. 'थालीपीठ भाजणी' हे शब्द परदेशी अधिकाऱ्याला कळणार नाहीत म्हणून चालून जातील असं समजू नका. तो अर्थ विचारतो, आणि अर्थ कळला की नाकारतो.

आणखी एक खाच. माद्रिदनं मिळालेली परदेशी नोंदणी पहिली पाच वर्षं इथल्या मूळ नोंदणीच्या जिवावर असते. इथे कुणी हरकत घेऊन मूळ अर्ज पाडला तर परदेशातली सगळी घरंही त्याबरोबर कोसळतात. तीन महिन्यांच्या आत त्या त्या देशात स्वतंत्र अर्जात बदलून घ्यायची सोय आहे, पण तो खर्च नव्यानं. म्हणून ज्या देशावर धंद्याचा जीव आहे तिथे सरळ तिथल्याच कार्यालयात अर्ज केलेला बरा, असं माझं मत बनलं आहे. ट्रेडमार्क-पेटंटसारख्या हक्कांबद्दलच्या पॅरिस कराराचीही एक सोय आहे: भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केलात तर तिथेही तुमची इथलीच तारीख धरतात. या सहा महिन्यांत बहुतेक लोक लेबलाच्या रंगावर चर्चा करत बसतात.

आता पैशाचं बोलू, कारण सगळं तिथे येऊन अडतं. भारतात लहान उद्योगाला एका वर्गाच्या, म्हणजे एका प्रकारच्या मालाच्या, ऑनलाइन अर्जाला साडेचार हजार रुपये लागतात. माद्रिदची नुसती मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक, रंगीत असेल तर ९०३. त्यावर प्रत्येक देशाची वेगळी फी. युरोपीय संघात थेट अर्ज केला तर एका वर्गाला ८५० युरो, पण त्यात २७ देश येतात. अमेरिकेत एका वर्गाला साडेतीनशे डॉलर, आणि परदेशी अर्जदाराला तिथला वकील करावाच लागतो. अमिरातीत सगळे टप्पे धरून खर्च काही हजार दिरहममध्ये जातो. म्हणजे दोन-तीन बाजारपेठा धरल्या तर दीड-दोन लाखांच्या खाली काही होत नाही, आणि कुणी हरकत घेतली तर वकिलाचं बिल निराळं. बारा-पंधरा बायकांना काम देणाऱ्या शेडला ही रक्कम म्हणजे एका हंगामाची मिरची.

हा खर्च समाजानं का उचलावा? माझा प्रश्न असा की आपण बाकीचा खर्च का उचलतो? परदेशी प्रदर्शनात स्टॉल लावायला उद्योजकाला अनुदान मिळतं. तिथे तो आपला माल, आपलं नाव, आपलं लेबल घेऊन दोन-चार दिवस उभा राहतो, आलेल्या प्रत्येकाला कॅटलॉग देतो. ज्या देशात नाव नोंदलेलं नाही तिथे हे करणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावभर पत्ता वाटणं. सरकार पत्ता वाटायला पैसे देतं, कुलपाला देत नाही. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या बौद्धिक संपदेच्या योजनेत परदेशी पेटंटला पाच लाखांपर्यंत परतफेड आहे, भौगोलिक मानांकनाला (मालाचं नाव त्याच्या भागाशी जोडणारी नोंदणी, म्हणजे जीआय) दोन लाखांपर्यंत, आणि ट्रेडमार्कला दहा हजार. पेटंट घेणारा लहान उद्योजक शंभरात एखादा. नाव मात्र शंभरांतल्या शंभरांकडे असतं. मसाला, चटणी, काजू, बेदाणे, चामड्याच्या वस्तू यांत पेटंट घेण्यासारखं फारसं नसतं. तिथे नावावरच भाव मिळतो. दहा हजारांत त्या नावाला सीमा ओलांडता येत नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्या लहान उद्योगाकडे खरी परदेशी ऑर्डर आहे, त्याला पहिल्या दोन देशांतल्या एका वर्गाच्या नोंदणीचा खर्च राज्यानं जिल्हा उद्योग केंद्रामार्फत द्यावा. शिपिंग बिल (निर्यातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायचा कागद) दाखवल्यावर परतफेड नको, ऑर्डर दाखवल्यावर आगाऊ द्यावा. कारण शिपिंग बिल निघेपर्यंत उशीर झालेला असतो. सरसकट वीस देशांत अर्ज करायला मीही सांगणार नाही. न वापरलेली नोंदणी कशी संपते ते 'बुखारा'नं दाखवलंच आहे, आणि त्यात भलं फक्त वकिलांचं होतं. जिथे माल जातो तो देश, आणि पुढच्या दोन वर्षांत जिथे जाणार तो देश. बस.

नाव एका शेडचं असेल तर निदान मालक तरी आहे. जे नाव हजारो घरांचं आहे त्याचं काय? इथे मला कोल्हापुरी चपलेचं बोलायचं आहे, कारण त्या प्रकरणात राग भरपूर व्यक्त झाला आणि मुद्दा त्यात हरवला.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडे संताप उसळला. तो रास्त होता. "आपल्याकडे जीआय आहे, खटला भरा," असं जो तो म्हणाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. नोंदणीकृत मालक म्हणजे आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ. पण हे मानांकन भारतीय कायद्याखालचं, म्हणजे भारतापुरतं. मिलानमध्ये त्याला हात नाही. इथे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी मागावी, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

आणि खरं सांगायचं तर, परदेशात 'कोल्हापुरी' हे नाव नोंदलेलं असतं तरी त्या रॅम्पवरच्या चपला थांबल्या नसत्या. नोंदणी नावाचं रक्षण करते, घाटाचं करत नाही. प्राडानं नाव घेतलंच नव्हतं. हे कटू आहे, पण कारागिराला खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते सांगितलेलं बरं. मग नाव नोंदवून मिळतं काय? भाव मिळतो. लंडनच्या किंवा दुबईच्या दुकानात 'कोल्हापुरी' अशी पाटी लावून कुठल्याही कारखान्यात शिवलेली, रेक्झिनची चप्पल विकणाऱ्याला थांबवता येतं. कातडं कमावणं, पट्टे कापणं, वेणी घालणं हे सगळं हातानं करणाऱ्या माणसाला सांगता येतं की ही पाटी फक्त तुझ्या चपलेवर लागेल. चहा मंडळानं दार्जिलिंगसाठी हे केलं. अमेरिकेत प्रमाणन चिन्ह म्हणून, म्हणजे ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या मालावरच लावता येईल असं चिन्ह म्हणून, नोंदणी केली, युरोपीय संघात २०११ मध्ये संरक्षण मिळवलं. तेही अभेद्य नाही. एका फ्रेंच कंपनीनं 'दार्जिलिंग' नावानं अंतर्वस्त्रं विकली, चहा मंडळ युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि २०१७ मध्ये हरलं. चहाचं नाव चहापुरतं राहिलं. पण निदान चहापुरतं तरी आहे.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बनवायचे, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. करार झाला हे चांगलंच झालं, कारागिरांना काम मिळेल. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात चामड्याच्या पादत्राणांवरचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलं. दारं उघडताहेत. अशा वेळी माझा महामंडळाला आणि उद्योग खात्याला थेट प्रश्न आहे: ब्रिटनमध्ये, युरोपीय संघात, अमिरातीत 'कोल्हापुरी' हे प्रमाणन किंवा सामूहिक चिन्ह म्हणून कारागिरांच्या वतीनं नोंदवायचा अर्ज कुठपर्यंत आला आहे, हे लोकांपुढे मांडाल का? हाच प्रश्न हापूसबद्दल, सोलापुरी चादरीबद्दल, पैठणीबद्दल, नाशिकच्या द्राक्षांबद्दल, सांगलीच्या बेदाण्याबद्दल. या प्रत्येक नावाला इथे मानांकन आहे, आणि मानांकन मिळालं तेव्हा सत्कार झाले, फेटे बांधले गेले. ते प्रमाणपत्रही सीमेवर थांबतं. कोल्हापूरच्या एका कारागिरानं युरोपात अर्ज करावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. तो अर्ज फक्त संस्थाच करू शकते, आणि संस्थेला पैसे सरकारचे आहेत.

विरोधाचा एक सूर मला गंभीर वाटतो. लोक म्हणतात, माल चांगला असेल तर नाव बदललं तरी गिऱ्हाईक शोधत येतं. वहिनींच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे, म्हणून सांगतो: नाही येत. दुबईतल्या दुकानात जी मराठी बाई ते लाल अक्षर बघून पाऊच उचलायची, ती अजूनही ते लाल अक्षर बघूनच पाऊच उचलते. आत आता दुसऱ्याच कारखान्याचा मसाला असतो. वितरकानं तो कुठूनतरी भरून घेतला. चव बदलली असेल तर ती बाई म्हणत असेल, यांचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. दोष सासूबाईंच्या नावालाच लागतो. नवं नाव लावलेला वहिनींचा खरा मसाला खालच्या फळीवर होता आणि त्यातला बराच पडून राहिला.

खटला भरावा का, हेही आम्ही पाहिलं. मालकाच्या परवानगीवाचून एजंटानं त्याचं नाव आपल्या नावे केलं तर ते रद्द करून घेण्याची सोय पॅरिस करारातच आहे. पण "परवानगीवाचून" हे सिद्ध करायचं होतं, आणि समोर वहिनींच्या सहीचं पत्र होतं. बाकी सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. करार म्हणून एक कागद नव्हता. तिथल्या वकिलानं सांगितलेली फी ऐकून वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या पैशात मी मसाला कांडायला दुसरा डंख घेईन." त्यांनी डंखच घेतला, आणि माझ्या मते बरोबर केलं.

नव्या नावाचा अर्ज मात्र नमुन्याचं पहिलं पाकीट पाठवायच्या आधी केला. रोमन आणि अरबी, दोन्ही. माझ्या ऑफिसातून आता जाणाऱ्या प्रत्येक अधिकारपत्रात शेवटी एक वाक्य असतं: या पत्रानं ट्रेडमार्कचा कोणताही हक्क दिलेला नाही, सर्व देशांत नाव उत्पादकाचंच राहील आणि वितरक ते स्वतःच्या नावे नोंदवणार नाही. गेल्या महिन्यात तासगावच्या एका बेदाणेवाल्याला त्याच्या नव्या वितरकाचा निरोप आला, की ते शेवटचं वाक्य काढून पत्र परत पाठवा, बाकी सगळं ठीक आहे. माल पॅक होऊन तयार होता. आम्ही पत्र पाठवलं नाही. त्याच दुपारी त्या देशात नावाचा अर्ज भरला, आणि पोचपावती आल्यावर गाडी सोडली.